मुक्या जिवाने अन्नपाणी सोडले तर…

तहानेने व्याकूळ झालेल्या एका कुत्र्याची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. एक प्रवासी वाटेत तहानेने कासावीस होतो, विहिरीत उतरून पाणी पितो आणि वर येतो. पाहतो तर एक कुत्रा जीभ बाहेर काढून ओली माती चाटत आहे. थोड्या वेळापूर्वी आपली जी गत झाली होती तीच या जिवाची झाली आहे, असे त्याच्या मनात येते. तो पुन्हा विहिरीत उतरतो, पायातला मोजा पाण्याने भरतो, तो दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाणी पाजतो. अल्लाहला त्याचे हे कृत्य आवडते आणि त्याला क्षमा मिळते. सहाबांनी विचारले की, जनावरांशी चांगले वागण्यातही आम्हाला मोबदला आहे काय? तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक जिवंत प्राण्याच्या बाबतीत मोबदला असल्याचे सांगितले. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

या हदीसमधील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या माणसाला केवळ कणव आली नाही, तर समोरच्या जिवाला नेमके काय हवे आहे हे त्याने ओळखले. कुत्रा तहानलेला होता, त्याला पाणी हवे होते आणि ते त्याने दिले.

आपल्या मोहल्ल्यात, शेतावर किंवा इमारतीच्या फाटकाशी एखादा कुत्रा आजारी पडतो तेव्हा प्रश्न याहून अवघड असतो. पाणी समोर ठेवले तरी तो तोंड लावत नाही. पोळी टाकली, बिर्याणीचा भात टाकला, तरी नुसता वास घेऊन मान फिरवतो. मुले हळहळतात. कोणी दूध आणतो, कोणी बळेच तोंडात घास कोंबतो, कोणी ‘नापाक जनावर आहे, दूर व्हा’ म्हणून सगळ्यांना पिटाळतो. दया असते, पण तिची वाट चुकते. या लेखात आम्ही ती वाट नीट समजून घेण्याचा प्रयत्न करणार आहोत.

न खाणे हा आजार नव्हे, खूण आहे

अन्न नाकारणे हा स्वतंत्र रोग नाही. पोटात, दातात, रक्तात किंवा मेंदूत काही बिघडले की कुत्रा खाणे सोडतो. क्वचित कारण साधे असते. कडक उन्हाळ्यात भूक मंदावते, जागा बदलली की एखादा कुत्रा दिवसभर रुसून बसतो, किंवा कोणीतरी आधीच पोटभर घातलेले असते. असा कुत्रा चालतो-फिरतो, शेपूट हलवतो, पाणी पितो. त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

चिंता केव्हा करावी? मोठा कुत्रा पाणी पीत असेल, उलटी-जुलाब नसतील, तर एक दिवस वाट पाहता येते. चोवीस तास उलटूनही त्याने काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना विचारावे. पाणीही सोडले असेल तर मात्र त्याच दिवशी हालचाल करावी, कारण अन्नावाचून काही दिवस निघतात, पाण्यावाचून निघत नाहीत. लहान पिल्लांच्या बाबतीत ही मुदत तासांवर येते. त्यांच्या अंगात साठा नसतो. सकाळपासून काही न खाल्लेले, मलूल पडलेले पिल्लू संध्याकाळपर्यंत हातचे जाऊ शकते.

उलटी किंवा जुलाबात रक्त, पांढऱ्याफटक किंवा पिवळ्या हिरड्या, फुगलेले पोट, झटके, धाप, उभे राहता न येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तर वाट पाहू नये.

आधी दूर उभे राहून पाहा

हा भाग घरातील प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, वाचावा अशी आमची विनंती आहे.

पिसाळलेला कुत्रा म्हटले की धावून चावणारे जनावर आपल्या डोळ्यांसमोर येते. पण रेबीजचे दुसरे रूप शांत असते. असा कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतो. त्याचा खालचा जबडा लोंबतो, तोंडातून लाळ गळते, आवाज बदलतो, मागचे पाय लटपटतात. तो खात नाही, पीत नाही. माणसाला या रोगात पाण्याचे भय वाटते, कुत्र्याचे तसे नसते. तो कधी कधी पाण्याच्या भांड्यात तोंडही घालतो, पण घशाचे स्नायू लुळे पडल्यामुळे त्याला गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याच्या घशात हाड अडकले आहे. आणि तो ते काढायला तोंडात हात घालतो. इथेच घात होतो.

आमच्याच गल्लीत असे घडता घडता राहिले. रोज सर्वांच्या दारात येणारा एक कुत्रा दोन दिवस जिन्याखाली पडून होता. तोंड अर्धवट उघडे, लाळेची तार लोंबलेली. गवंडीकाम करणारा एक तरुण, मनाने फार हळवा, ओल्या फडक्याने त्याचे तोंड पुसून ‘हड्डी फसली है’ म्हणत बोटे आत घालणार होता. वरच्या मजल्यावरच्या दादीमाँनी खिडकीतून जोराने हाक मारली, “बेटा, हात मागे घे! गावाकडे आम्ही असा कुत्रा पाहिलाय.” तो थबकला. पशुवैद्यक आले, त्यांनी लांबूनच पाहिले आणि सर्वांना मागे सरायला सांगितले. तरुणाच्या बोटांवर कामावर झालेले ताजे ओरखडे होते आणि लाळेचे फडके त्याच हातात होते. त्याच संध्याकाळी त्याला सरकारी रुग्णालयात नेऊन लस सुरू केली. कुत्रा दोन दिवसांनी गेला. तपासणीसाठी नमुना पाठवता आला नाही, तेव्हा तो रेबीजच होता असे खात्रीने म्हणता येणार नाही. पण लक्षणे तीच होती, आणि या रोगात खात्रीची वाट पाहत बसायचे नसते.

कारण माणसात रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. लक्षणांच्या आधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली आणि तो वाचला. आज तीच सुरक्षा आपल्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.

कुत्रा चावला, त्याचे नख लागून रक्त आले, किंवा त्याची लाळ जखमेवर, डोळ्यांत, ओठांवर लागली, तर:

– जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ पाहून धुवावी, कारण १५ मिनिटे आपल्या अंदाजापेक्षा बरीच लांब असतात.
– हळद, चुना, मिरची, तेल, माती यांपैकी काहीही लावू नये.
– त्याच दिवशी रुग्णालयात जावे. लसीच्या मात्रा ठरलेल्या दिवशी, सगळ्या पूर्ण कराव्यात. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत रेबीज इम्युनोग्लोबुलिनही द्यावे लागते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.
– दम करून घ्यायचा असेल तर लस घेतल्यानंतर घ्यावा. दुआ आणि दवा यांचे भांडण नाही, पण दम केला म्हणून लस टाळणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

धडधाकट कातडीला कुत्र्याचा नुसता स्पर्श झाल्याने रेबीज होत नाही, हेही लक्षात ठेवावे. भीती योग्य जागी असावी, सगळीकडे नसावी.

म्हणून नियम साधा आहे. अनोळखी आजारी कुत्र्याजवळ जाण्याआधी पाच-दहा मिनिटे लांबून पाहावे. लोंबता जबडा, लाळ, लटपटती चाल किंवा विनाकारण अंगावर धावून येणे दिसले तर हात लावू नये, मुलांना आत घ्यावे, इतरांना सावध करावे आणि महापालिका, नगरपालिका किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. हीसुद्धा मदतच आहे.

पाकी-नापाकीचा प्रश्न

मदतीला उठलेला हात आपल्या घरांत बहुधा याच प्रश्नापाशी थांबतो. कपडे नापाक होतील, नमाज होणार नाही, फरिश्ते घरात येणार नाहीत, असे मोठी माणसे सांगतात. यात काही गोष्टी बरोबर आहेत, काहींचा गैरसमज झालेला आहे.

हदीसमध्ये शिकारीसाठी, गुरांच्या आणि शेताच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची मुभा आहे. शौक म्हणून घरात ठेवणे नापसंत केले आहे. पवित्र कुरआनात सूरह अल्-माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरलेली शिकार हलाल ठरवली आहे, आणि सूरह अल्-कहफमध्ये गुहेतील तरुणांबरोबर उंबऱ्यावर पाय पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याचा उल्लेख आला आहे. कुत्रा हा तिरस्काराचा विषय आहे, असे यातून कुठेही निघत नाही.

स्वच्छतेचा नियम मात्र आहे आणि तो पाळलाच पाहिजे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यात पहिल्या वेळी मातीने, धुण्याची हदीस आहे. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई मजहबाचे आहेत. त्यांच्याकडे कुत्र्याचे सर्व अंग नापाक मानले जाते आणि ओलाव्यासह स्पर्श झाला तर सात वेळा धुणे, त्यात एकदा मातीने, आवश्यक असते. कोरड्या अंगाला कोरडा हात लागला तर नापाकी लागत नाही. घाट आणि मराठवाडा-विदर्भात बहुसंख्य हनफी आहेत. त्यांच्याकडे कुत्र्याची लाळ नापाक, पण कोरड्या अंगाच्या स्पर्शाने कपडे नापाक होत नाहीत. भांडे तीन वेळा धुतले तरी पाक होते. मालिकी मजहबात तर जिवंत कुत्रा मुळात पाक मानला गेला आहे. आपापल्या मजहबाची बारीक माहिती आपल्या आलिमांकडून घ्यावी.

या सगळ्यातला समान धागा एवढाच की, नियम धुण्याचा आहे, मदत न करण्याचा नाही. कुत्र्याला हात लागल्याने वुजूही तुटत नाही. जिथे लाळ लागली ती जागा धुवावी लागते, इतकेच. व्यवहारात हे अगदी सोपे आहे. एक जुने भांडे कुत्र्यासाठी वेगळे ठेवावे. रबरी किंवा प्लॅस्टिकचे हातमोजे घालावेत. मदतीच्या वेळी जुना कुर्ता किंवा ओढणी वापरावी. काम झाले की हात धुवावेत, कपडे बदलावेत आणि नमाजला जावे. ही खबरदारी वैद्यकाच्या दृष्टीनेही तेवढीच उपयोगाची आहे.

जवळ जाणे सुरक्षित असेल तर

कुत्रा ओळखीचा आहे, वर सांगितलेली लक्षणे नाहीत, अशी खात्री झाल्यावर पुढचे करावे.

*जागा.* आधी त्याला सावली, शांतता आणि कोरडी जागा द्यावी. गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरावी. भोवती जमलेली मुले हटवावीत. घाबरलेला कुत्रा भुकेला असला तरी खात नाही.

*अंगात पाणी किती आहे?* ओठ हळूच वर करून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. हिरडी चिकट, कोरडी असेल, रंग परतायला वेळ लागत असेल, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर शरीरातले पाणी बरेच कमी झाले आहे. अशा वेळी घरगुती उपाय पुरत नाहीत, सलाइन लागते.

*पाणी.* कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. रस्त्यावरचा मध्यम कुत्रा १५ किलोचा धरला तर पाऊण ते एक लिटर. पसरट भांड्यात ताजे पाणी त्याच्या तोंडाजवळ ठेवावे. तो उठत नसेल तर ओठांना ओला कापूस लावावा. तो शुद्धीवर असेल, गिळत असेल आणि उलटी होत नसेल, तरच बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडे थोडे, प्रत्येक घोट गिळेपर्यंत थांबून पाणी द्यावे. डोके वर करून घशात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते, फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. पाणी पाजण्याच्या घाईत अनेक जीव असे जातात.

*अन्न.* उलटी नसेल तर वास येणारे, मऊ, कोमट अन्न द्यावे. आजारी कुत्र्याची भूक वासाने जागी होते आणि कोमट अन्नाला वास जास्त येतो. मीठ, मसाला, कांदा, लसूण न घालता उकडलेले, हाडे काढलेले कोंबडीचे मांस आणि मऊ भात, किंवा त्याच कोंबडीचे पाणी पुरे. दोन चमच्यांपासून सुरुवात करावी. बोटावर (हातमोजा घालून) थोडे घेऊन नाकाजवळ धरावे. चाटले तर दोन-तीन तासांनी पुन्हा थोडे. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर घालू नये, त्याच्या शरीराला ते झेपत नाही. खाल्ले नाही तर ताट तासन् तास समोर ठेवू नये, उचलून घ्यावे. मळमळणाऱ्याला अन्नाचा वासही त्रास देतो.

*ऊन लागले असेल तर.* एप्रिल-मेमध्ये धापा टाकणारा, लाल जिभेचा, लटपटणारा कुत्रा उष्माघाताचा असू शकतो. कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असते. १०० ते १०२.५ अंश फॅरनहाइट त्याच्यासाठी ठीक, पण १०६ च्या पुढे जीव धोक्यात. त्याला सावलीत घेऊन पोट, काखा आणि पंजे नळाच्या साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा. बर्फाचे पाणी ओतू नये. मग तातडीने डॉक्टर.

दयेपोटी होणारे अपाय

बकरी ईदनंतरच्या दिवसांत कुत्रे आजारी पडण्याचे एक कारण आपल्याच दारात असते. चरबीचे गोळे, आतडी, शिजवलेली हाडे आपण ‘मुक्या जनावरालाही मिळू दे’ म्हणून टाकतो. हेतू चांगला असतो. पण खूप चरबी एकदम पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा उलट्या करतो, पाठ कमानीसारखी करून पडतो आणि खाणे सोडतो. शिजवलेली हाडे तुटताना टोकदार होतात, घशात अडकतात, आतडे फाडतात. द्यायचेच असेल तर चरबी काढलेले, बिनहाडाचे मांस थोडेसे द्यावे आणि बाकी अवशेष महापालिकेच्या गाडीत किंवा खोल खड्ड्यात टाकावेत.

घरातली औषधे कधीही देऊ नयेत. ताप दिसतो म्हणून पॅरासिटामॉल, दुखते म्हणून आयबुप्रोफेन, या गोळ्यांनी कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंडे आणि जठर बिघडते. दुधाने बऱ्याच कुत्र्यांना जुलाब होतात आणि उरलेसुरले पाणीही निघून जाते. चॉकलेट, द्राक्षे, मनुके, कांदा, लसूण विषारी आहेत. इफ्तारच्या वेळी उरलेली तळलेली भजी, समोसे यांत कांदा असतोच, तेही टाळावेत. विष खाल्ल्याचा संशय असेल तर तेल किंवा मीठपाणी पाजून उलटी करवू नये. विषाचे पाकीट सापडले तर ते बरोबर घेऊन डॉक्टरकडे जावे.

कारण काय असू शकते?

निदान डॉक्टरांचे काम आहे. पण काय काय असू शकते हे माहीत असले तर आपण योग्य माहिती देऊ शकतो.

पिल्लू असेल, उलट्या आणि दुर्गंधीचे रक्ती जुलाब असतील तर पार्व्हो. हा विषाणू माणसाला लागत नाही, पण जमिनीत महिनोन् महिने टिकतो. त्या जागेवर ब्लीचिंगचे पाणी टाकावे आणि दुसरी पिल्ले दूर ठेवावीत. नाका-डोळ्यांतून घट्ट चिकट स्राव, खोकला आणि नंतर झटके असतील तर डिस्टेंपर. दोन्हींवर लस आहे, ती दीड-दोन महिन्यांच्या वयापासून सुरू करतात.

अंगावर, कानांत गोचीड भरलेले, ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा गडद लघवी असेल तर गोचिडाचा ताप. आपल्याकडे हा फार आढळतो आणि वेळेवर औषध मिळाले तर कुत्रा बरा होतो.

पावसाळ्यात, साचलेल्या पाण्याच्या वस्तीत कुत्र्याचे डोळे-हिरड्या पिवळ्या दिसल्या तर लेप्टोस्पायरोसिस. हा उंदरांच्या मूत्रातून पसरतो आणि माणसालाही होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची साथ पाहिली आहे. अशा कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नये. सेवा करणाऱ्याला पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर त्याने डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

मोठी कुत्री माजावर येऊन एक-दोन महिने झाले असतील, खाणे बंद, पाणी मात्र खूप पीत असेल आणि मागून पू येत असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडाला उग्र वास, वजनात घट आणि अन्नाकडे पाठ, हे मूत्रपिंडांचे किंवा दातांचे दुखणे असते.

दवाखान्यात नेताना

आजारी कुत्रा ओळखीचा असला तरी वेदनेने चावू शकतो. उलटी होत नसेल आणि धाप नसेल, तर मऊ कापडाच्या पट्टीने तोंड सैलसर बांधावे. उचलण्याऐवजी गोणपाटावर सरकवून चार कोपरे धरून न्यावे. डॉक्टरांना पाच गोष्टी सांगाव्यात: शेवटचे कधी खाल्ले, शेवटचे पाणी कधी प्यायला, उलटी-जुलाब किती वेळा आणि कोणत्या रंगाचे, लघवी झाली का, आणि परिसरात उंदराचे किंवा शेतीचे विष टाकले आहे का. मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले तर सोपे जाते.

जिल्ह्या-तालुक्यांत पशुसंवर्धन विभागाचे आणि जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथे गाई-म्हशींबरोबर कुत्र्यांवरही उपचार होतात. मुंबईत परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे. बहुतेक शहरांत रस्त्यावरच्या जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्था असतात. त्यांचा क्रमांक मोहल्ल्यात कोणाकडे तरी लिहिलेला असावा.

खर्चाचा प्रश्न येतो. एका घराला तो जड वाटतो, दहा घरांना वाटत नाही. जकातीचे हक्कदार पवित्र कुरआनाने ठरवून दिलेली माणसे आहेत, तो पैसा इथे वापरता येत नाही. पण नफ्ली सदका यासाठी जरूर देता येतो. इमारतीत किंवा गल्लीत एक डबा ठेवला तरी सलाइन, औषध आणि रिक्षाचे भाडे निघते.

बरा झाला तर, न झाला तर

बरा झाला तर काम संपत नाही. त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी, ती दरवर्षी द्यावी लागते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. त्यासाठी अर्ज करणे, पाठपुरावा करणे हे मोहल्ला कमिटीचे काम असावे. लस टोचलेला ओळखीचा कुत्रा मुलांसाठीही सुरक्षित असतो.

सगळे करूनही तो वाचला नाही तर त्याला गटारात किंवा रस्त्याच्या कडेला टाकू नये. पालिकेला कळवावे किंवा वस्तीपासून, विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात पुरावे. हात उघडे ठेवू नयेत. आणि ज्या मुलांनी त्याच्यासाठी धावपळ केली त्यांना ‘कुत्रंच तर होतं’ असे म्हणू नये. ज्या मुलाच्या मनात मुक्या जिवाची कळ उठते, त्याच्या मनात उद्या म्हाताऱ्या नानीची, आजारी शेजाऱ्याचीही उठेल. हदीसमध्ये मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीचाही उल्लेख आहे. तिने त्या मांजरीला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही, म्हणून तिला शिक्षा झाली. मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

आमची वाचकांना एकच सूचना आहे. आज रात्री घरच्यांबरोबर बसून तीन गोष्टी ठरवा. कुत्र्यासाठी वेगळे भांडे कोणते, जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक कुठे लिहायचा, आणि आजारी जनावर दिसल्यावर मुलांनी आधी कोणाला हाक मारायची. उन्हाळा सुरू झाला की ते भांडे फाटकाबाहेर सावलीत ठेवा आणि रोज फजरनंतर धुऊन भरा. पाणी प्यायला कोण येईल हे आपल्याला ठाऊक नसते, पण भांडे भरलेले असणे आपल्या हातात आहे.